हॉलमधली ओल, तैलरंगात

चित्र काढणं मुळीच अवघड नाही. अवघड असतं ते कशाचं काढायचं हे ठरवणं, आणि तेही आपण आज दुपारच्या चहापर्यंत उरकून टाकू, असं पाहणीसाहेबांनी महिन्याच्या एक तारखेला दात घासता घासता जाहीर केलं. तोंडात ब्रश असल्यामुळे काकूंना त्यातलं निम्मंच कळलं. पण साहेबांचं जाहीर करणं हे कुणाला कळावं म्हणून नसतंच. एकदा जाहीर केलं की ते काम झाल्यासारखंच त्यांना वाटतं.

पाहणीसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. विम्याच्या कचेरीत एकतीस वर्षं त्यांनी नुकसानीच्या पाहण्या केल्या, म्हणून हे नाव चिकटलं. कुठे गोदाम जळालं, कुठे छत खचलं, कुठे ट्रक दुकानात घुसला, की साहेब टेप घेऊन हजर. इंच न् इंच मोजायचं आणि झालेल्या नुकसानीचं हुबेहूब चित्र अहवालाला जोडायचं. त्यांच्या चित्रातला तडा पाहून एका गोदामवाल्याने म्हणे दावाच मागे घेतला होता, कारण तो तडा जुना असल्याचं चित्रात स्पष्ट दिसत होतं. कोळ्यांची जाळीसुद्धा साहेबांनी सोडली नव्हती.

एकतीस वर्षांत माणसाची नजर बनते तशी साहेबांची बनली होती. कुठेही गेले की त्यांना आधी तडा दिसायचा, माणूस नंतर. लग्न ठरवायला काकूंच्या माहेरी गेले तेव्हा सगळ्यांनी विचारलं, मुलगी कशी वाटली? साहेब म्हणाले, मुलगी छान आहे, पण स्वयंपाकघराच्या दारावरची तुळई डावीकडे खचलीय. काकूंचे वडील पुढची चार वर्षं त्या दारातून वाकून जात होते.

निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या मंडळींनी त्यांना तैलरंगांची मोठी पेटी भेट दिली. आता नुकसान पुरे, साहेब, काहीतरी सुंदर काढा, असं सगळे म्हणाले. साहेबांनी ते मनावर घेतलं. पण प्रत्यक्ष ब्रश हातात घेतला तो या महिन्यात, कारण याच महिन्यात घराला चित्राची निकड लागली.

निकड अशी. साहेबांचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. चौपन्न पायऱ्या. काकूंच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच हात टेकले होते, आणि हाडांच्या डॉक्टरांनी जिने साफ बंद सांगितले होते. आता जिना बंद म्हणजे जग बंद. काकूंचं बाजारहाट, शेजारपाजार, भांडणतंटा सगळं गॅलरीतून चालायचं. ज्या बाईला वाटेत चार ओळखी भेटल्याशिवाय भाजी घेतल्यासारखं वाटत नसे, ती दोरीला पिशवी बांधून कोथिंबीर वर ओढत होती. साहेबांना ते बघवत नव्हतं.

अशात काकूंच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे साहेबांच्या मेहुणीबाईंनी, आपल्या शेजारचं तळमजल्याचं घर हेरलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे बोटभर अंगण आणि अंगणाला फाटक. घरमालक मेहुणीबाईंच्या शब्दाखातर महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार झाला. पण हे घर विकल्याशिवाय ते घर घेता येत नव्हतं. म्हणजे तीस दिवसांत गिऱ्हाईक मिळायला हवं, आणि त्याला घर पसंत पडायला हवं.

आणि हॉलच्या भिंतीवर ओल होती.

साधीसुधी नव्हे. अडीच फूट रुंद, दोन फूट उंच, मधे पोपडे सुटलेले, कडेला हिरवट झाक. दारातून आत आलं की घरातल्या माणसांच्या आधी ती पाहुण्यांचं स्वागत करायची. भिंत फोडून दुरुस्ती करायची तर पाणी कुठून येतंय तेच कळत नव्हतं. सगळी भिंत सोलली तर महिना त्यातच जाणार, आणि गिऱ्हाइकाला घराऐवजी रणांगण दाखवावं लागणार. काकूंनी तोडगा काढला. त्या जागी मोठं चित्र लावायचं.

साहेबांनी भुवया उंचावल्या. एकतीस वर्षं लपवलेलं नुकसान शोधण्यात गेली, आणि आता स्वतःच्याच घरात ते लपवायचं?

“लपवायचं कुठे म्हणतेय मी?” काकू म्हणाल्या. “फक्त आधी दाखवायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

साहेबांनी काकूंच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि मूग गिळले. सुताराकडून चार फूट बाय तीन फुटांचा प्लायवूडचा फळा कापून आला. त्याला पांढरा रंग दिला. आता फक्त विषय ठरवायचा राहिला होता, आणि तो दुपारच्या चहापर्यंत ठरणार होता.

चहापर्यंत ठरलाही. फळं. मोठमोठे चित्रकार सुरुवात फळांनीच करतात, हे साहेबांना कुठूनतरी माहीत होतं. त्यांनी टेबलावर चार सफरचंदं, सहा केळी आणि द्राक्षांचा घड मांडला, टेपने अंतरं मोजून घेतली आणि घरात कुणी फळांना हात लावायचा नाही अशी ताकीद दिली. काम झोकात सुरू झालं. पण साहेब पडले तपशिलाचे. पहिल्या दिवशी एका सफरचंदाचं देठ झालं. दुसऱ्या दिवशी केळ्यांवर ठिपके दिसायला लागले. खरं ते काढायला हवं, म्हणून साहेबांनी ठिपके काढले. तिसऱ्या दिवशी ठिपक्यांचे डाग झाले, तेव्हा ठिपके पुसून डाग काढले. साहेब पुढे, केळी त्यांच्याही पुढे. सातव्या दिवशी द्राक्षांवर चिलटं आली आणि साहेबांनी अकरा चिलटं काढली. मोजून.

आठव्या दिवशी काकूंनी नाकाला पदर लावून फळं केराच्या डब्यात टाकली आणि चित्रासमोर उभ्या राहिल्या. चित्र इतकं हुबेहूब होतं की त्यांनी पदर काढलाच नाही. हे हॉलमध्ये लावलं तर गिऱ्हाईक चप्पल न काढताच परत जाईल, असं त्यांचं स्पष्ट मत पडलं. फळ्याला पुन्हा पांढरा रंग बसला.

साहेब जराही खचले नाहीत. चूक चित्रात नव्हती, फळांत होती. फळं टिकत नाहीत. माणूस टिकतो. तेव्हा माणूस काढायचा. आणि नेमक्या त्याच दिवशी मेहुणीबाई बहिणीला भेटायला आल्या.

मेहुणीबाई मुळातच देखण्या, आणि ते त्यांना माहीत होतं. तीन दिवस त्या नवी साडी नेसून खिडकीपाशी बसल्या. चित्र पूर्ण होईतो बघायचं नाही, ही साहेबांची अट त्यांनी हसत मान्य केली. सगळं कसं खेळीमेळीत चाललं होतं. साहेब मधूनच जवळ येऊन त्यांच्या गालाला टेप लावायचे तेवढंच काय ते विचित्र. चौथ्या दिवशी साहेबांनी फळा त्यांच्याकडे वळवला.

आता या चित्राबद्दल एवढंच सांगतो, की त्यात खोटं काहीच नव्हतं. डोळ्यांखालच्या सुरकुत्या होत्या तेवढ्याच होत्या. हनुवटी एक आणि तिच्याखालची दुसरीही होती. डाव्या भुवईजवळचा लहानपणीचा व्रण होता, जो त्या पावडरीने झाकतात. शिवाय सवयीने साहेबांनी प्रत्येक ठिकाणी बारीक बाण काढून शेजारी नोंद केली होती. गालावरच्या रेषेपुढे लिहिलं होतं, ‘जुनी, वाढ चालू.’

मेहुणीबाईंनी चित्र वरपासून खालपर्यंत वाचलं. मग त्यांनी पर्स उचलली आणि ताईला म्हणाल्या की घरमालकाला दिलेला शब्द त्यांनी ताईची बहीण म्हणून दिला होता, या माणसाची मेहुणी म्हणून नव्हे, आणि आता त्या शब्दाचं काय करायचं ते त्या बघतील. एवढं बोलून चौपन्न पायऱ्या त्या अशा उतरल्या की प्रत्येक पायरी वर ऐकू आली.

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. इथलं घर विकलं जाण्याची मारामार, त्यात तिकडचं घरही हातचं जायची वेळ. त्यांनी फळ्यावर स्वतःच्या हाताने पांढरा रंग फासला, बाणांसकट. मग बॅग भरली. “मी पंधरा दिवस तिच्याकडे जाऊन राहते,” त्या म्हणाल्या. “तिची समजूत काढते, मालकालाही धरून ठेवते. एकदा उतरले की मला पुन्हा लवकर चढवणार नाही. अठ्ठावीस तारखेला एजंट गिऱ्हाईक घेऊन येतोय, तेव्हा येईन. तेवढ्या दिवसांत ती ओल झाकेल असं चित्र काढून लावा. माणूस नको, फळं नकोत. न बिघडणारं, न रुसणारं काहीतरी काढा.”

साहेब त्यांना हात धरून खाली घेऊन गेले. दर मजल्यावर काकू थांबत होत्या आणि गुडघ्याला हात लावून श्वास घेत होत्या. रिक्षा गेल्यावर साहेब पायऱ्या चढून वर आले आणि त्यांना पहिल्यांदाच जरा लाज वाटली. या बाईने कधी काही मागितलं नव्हतं. आता मागितलं होतं ते एक फाटक, आणि त्यासाठी चार फूट बाय तीन फुटांचं एक चित्र. तेवढं आपल्याला जमू नये? जमणारच. नुसतं जमणार नाही, अप्रतिम जमणार. लाज साहेबांच्या अंगात फार वेळ राहत नाही.

न बिघडणारं आणि न रुसणारं. साहेब कोऱ्या फळ्यासमोर बसले. समुद्र? तो हलतो. डोंगर? ते लांब आहेत, आणि लांबून टेप लागत नाही. घोडा काढावा तर घोडा आणायचा कुठून? दुपारचे चार वाजले. गॅलरीतून उन्हाची तिरीप आत आली आणि समोरच्या भिंतीवर पडली.

आणि साहेबांना ओल दिसली.

रोजच दिसत होती, पण आज विषय म्हणून दिसली. काय रंग होते तिच्यात! मधे मातकट पिवळा, त्याच्याभोवती चहाच्या डागासारखा तपकिरी, कडेला शेवाळी हिरवा, आणि खालच्या अंगाला तर चक्क जांभळट छटा. पोपड्यांच्या बारीक सावल्या. एकतीस वर्षं साहेबांनी हजारो भिंती पाहिल्या होत्या, पण प्रत्येक वेळी कुणाचं तरी नुकसान म्हणून. त्यातली गंमत बघायला कधी कुणी सवड दिली नव्हती. ही रुसत नव्हती, सडत नव्हती, हातभर अंतरावर होती आणि टेप लावली तरी तक्रार करत नव्हती. साहेबांनी ब्रश उचलला. विषय ठरला होता.

पाच दिवस त्यांनी जेवणाकडे धड पाहिलं नाही. जेवढी ओल, तेवढीच चित्रात, एकास एक मापाने. सभोवतालची भिंत, तिचा फिकट पिवळा रंग, कोपऱ्यातला जुना खिळ्याचा खड्डा, सगळं आलं. अठरा तारखेला चित्र पुरं झालं. खाली कोपऱ्यात सही आणि तारीख. चौकट लावली नाही, कारण चौकट म्हणजे खोटेपणा. मग साहेबांनी ते जिथलं तिथे, ओलीवर बरोबर ओल येईल असं टांगलं, चार पावलं मागे आले, आणि चित्र कुठे आहे ते त्यांना स्वतःलाच क्षणभर दिसेना. यापरतं यश ते काय!

पुढचे दहा दिवस ते रोज त्याच्यासमोर बसून चहा पीत होते.

अठ्ठावीस तारखेला काकू आल्या. मेहुणीबाईंची समजूत पटली होती, घरमालक तीस तारखेपर्यंत थांबणार होता, त्यापुढे एक दिवस नाही. चौपन्न पायऱ्या चढायला काकूंना वीस मिनिटं लागली. दारात उभ्या राहून त्यांनी धापा टाकत भिंतीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“अहो, चित्र कुठाय?”

“समोर,” साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात लपवलेला अभिमान होता.

“समोर ओल आहे.”

“तेच चित्र.”

काकू पुढे झाल्या. बोट लावलं. बोटाला तैलरंग लागला, गिलावा नाही. त्या मटकन खुर्चीत बसल्या. ओल झाकायला ओल काढणारा माणूस आपल्या कपाळी यावा, याचा विचार करायलाही त्यांना वेळ मिळाला नाही, कारण जिन्यात एजंटचा आवाज आला. हवा बघा कशी, उजेड बघा कसा, असं तो पायऱ्यांपासूनच विकत विकत येत होता. त्याच्यामागे एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आणि त्यांचे अबोल यजमान. बाईंना वरचा मजला हवा होता, पुस्तकांना कोरडी हवा आणि डोळ्यांना उजेड म्हणून. पस्तीस वर्षं मुलांच्या सबबी ऐकलेल्या त्या बाई. त्यांनी चष्मा नीट केला, हॉलमध्ये एक नजर फिरवली आणि बोट दाखवलं.

“इथे ओल आहे.”

एजंटने पाहिलं. आता त्याची एक गोष्ट लक्षात घ्या. काकूंनी त्याला ओलीबद्दल अवाक्षरही सांगितलं नव्हतं. भिंतीवर आपल्या यजमानांनी काढलेलं चित्र असेल, एवढंच फोनवर सांगितलं होतं. तो जवळ गेला, सही दिसली, आणि त्याचा चेहरा उजळला. ओल नाही मॅडम, हे चित्र आहे, घरमालक मोठे कलावंत आहेत, असं त्याने ठासून सांगितलं. बाईंचा विश्वास बसला नाही. त्यांनी टकटक करून पाहिलं, लाकडाचा आवाज आला. त्यांनाही हसू फुटलं. यजमानांनीसुद्धा मान डोलावली. इथेच सगळं थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण एजंट उत्साही माणूस.

“हातच्या काकणाला आरसा कशाला? मागची भिंत बघा, एकदम स्वच्छ,” असं म्हणत त्याने चित्र खिळ्यावरून उचललं.

मागे ओल होती.

बाईंनी एकदा एजंटच्या हातातल्या ओलीकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या. “आणि हे?” त्यांनी विचारलं.

“हेसुद्धा चित्रच असेल,” एजंट म्हणाला. पण आवाजात पूर्वीचा ठाम सूर राहिला नव्हता. बाईंनी पुन्हा टकटक केलं. या वेळी लाकूड वाजलं नाही. तळहाताएवढा पोपडा सुटला आणि त्यांच्या पायांवर पडला.

एजंटची पाचावर धारण बसली, पण धंद्यात मुरलेला गडी तो. त्याने लगेच कोलांटी मारली. ओल आहे, पण किरकोळ. चित्रात मोठी दिसते, कारण कलावंत लोक रंग भरताना थोडं वाढवतातच. काकूंनी ते अधांतरी वाक्य दोन्ही हातांनी झेललं. हो ना, यांना भारी सवय आहे वाढवून काढायची, असं त्या म्हणाल्या आणि साहेबांकडे पाहिलं. त्या नजरेत ते अंगण होतं, ते फाटक होतं, चौपन्न पायऱ्या होत्या. बाईंनीही साहेबांकडे पाहिलं. म्हणजे चित्रात अतिशयोक्ती झाली आहे, असंच ना, एवढंच त्यांनी विचारलं.

साहेबांना फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. एक अक्षर. त्यांना ते म्हणायचंही होतं, अगदी मनापासून. काकूंसाठी त्यांनी हिमालय उचलला असता. त्यांनी तोंड उघडलं. “हो” मधला ‘ह’ बाहेर आलासुद्धा. पण एकतीस वर्षांत कुणी त्यांच्या मापाला वाढीव म्हटलं नव्हतं. त्यांचा हात आपोआप खिशात गेला आणि टेप घेऊन बाहेर आला.

चित्रातली ओल, अडीच फूट. भिंतीवरची ओल, दोन फूट साडेआठ इंच.

“चित्र बरोबर आहे,” साहेब कडाडले. “खाली तारीख बघा. भिंत बदलली आहे!”

आणि मग त्यांना कुणी थांबवू शकलं नाही. दहा दिवसांत अडीच इंच वाढ, तीही उजवीकडेच, म्हणजे हे पावसाचं पाणी नव्हे, आतला पाइप आहे, गळती चालू आहे आणि आठवड्याला पावणेदोन इंचांनी पुढे सरकते आहे, असा सगळा अहवाल त्यांनी उभ्याउभ्या तोंडी सादर केला. बोलताना ते इतके रंगले होते की एजंट दाराकडे सरकतोय आणि काकूंनी डोळे मिटून घेतलेत, हे त्यांना दिसलंच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं नसतं.

बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं. त्या म्हणाल्या की आतापर्यंत त्यांनी सहा घरं पाहिली. एकात ओलीपुढे कपाट होतं, दुसऱ्यात ताजा रंग, आणि एकात तर मालकाचे मेहुणे भिंतीला टेकून उभे होते, ते ही मंडळी निघेपर्यंत हलले नाहीत. मग त्यांनी मोबाइल काढून चित्राचा फोटो घेतला. एकदा लांबून, एकदा जवळून. विचार करून कळवते, एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

फोटो घेतला म्हणजे चित्र आवडलं, असं साहेब म्हणाले. काकू काहीच बोलल्या नाहीत. त्या दिवशीही नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. ओरडल्या असत्या तर साहेबांना बरं वाटलं असतं. पण त्या गॅलरीत बसून खाली रस्त्याकडे बघत राहिल्या, आणि भाजीवाला आला तेव्हा त्यांनी दोरी सोडली. साहेब ती दोरी बघत उभे राहिले. आपण एका अक्षरासाठी हिचं फाटक घालवलं, असं त्यांना वाटलं, आणि त्या रात्री त्यांना चित्र मुळीच आवडलं नाही.

तीस तारखेला अकरा वाजता फोन आला. मुख्याध्यापिकाबाईंना घर पसंत होतं. दुरुस्ती त्या स्वतः करून घेणार होत्या. अट एकच, ते चित्र जागेवरच सोडून जायचं.

साहेबांनी फोन ठेवला आणि ते दीड फुटाने उंच झाले. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते कशासाठी आलं हे साहेबांनी विचारलं नाही, कारण ते चित्रासाठीच असणार. घर चित्रामुळे विकलं गेलं, हे त्यांनी एजंटला सांगितलं, सामान हलवणाऱ्यांना सांगितलं, जुन्या कचेरीत फोन करून सांगितलं. मेहुणीबाईंनाही सांगितलं, पण दुरून.

नव्या घरात काकूंचं जे काही झालं ते बघण्यासारखं होतं. दिवसातून दहा वेळा त्या फाटक उघडून बाहेर जायच्या, काही काम नसताना. कोथिंबिरीची एक जुडी आणायला त्यांना पाऊण तास लागायचा, कारण वाटेत चार जणी भेटायच्या. साहेबांना हे बघून फार बरं वाटे. आपल्या कलेने एका बाईला अंगण मिळवून दिलं, असं ते स्वतःशी म्हणत. फक्त एकच रुखरुख होती. नव्या घराच्या भिंती ठणठणीत कोरड्या होत्या, आणि काढायला काही विषयच नव्हता.

तीन आठवडे कसेबसे काढून साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आपलं चित्र बघायला निघाले. नव्या मालकिणीने ते कसं लावलंय, उजेड बरोबर पडतोय ना, हे चित्रकाराने बघायलाच हवं. चौपन्न पायऱ्या ते गुणगुणत चढले.

दार उघडंच होतं. बाई घरात नव्हत्या. एक गवंडी थापीने भिंतीवर गिलावा चढवत होता. ओलीच्या जागी हातभर रुंदीचा ताजा चौकोन होता, बाकी भिंत जशीच्या तशी. आणि चित्र खाली, भिंतीला टेकवून ठेवलेलं. त्याच्यावर पेन्सिलीच्या फुल्या होत्या, आडव्या-उभ्या रेघा होत्या, तीन ठिकाणी खिळा ठोकून आरपार भोकं पाडली होती. खालचा भाग सिमेंटच्या शिंतोड्यांनी भरला होता. सहीवर चहाचा पेला ठेवला होता.

साहेब दारातच थबकले. गवंड्यानेच विचारलं, कोण पाहिजे म्हणून.

“हे चित्र,” साहेब म्हणाले, “मी काढलंय.”

गवंडी थांबला. त्याने थापी खाली ठेवली, हात पाटलोणीला पुसले आणि अदबीने पुढे आला.

“तुम्हीच होय ते! बाईंनी फोटो दाखवला तेव्हाच मी म्हटलं, घ्या हे घर, बिनधास्त घ्या. हा हिरवा बघा कुठे गडद केलाय तुम्ही. बरोबर तिथेच पाइपचा सांधा निघाला. फळा भिंतीला लावला, खिळ्याने खूण केली, एकच घाव घातला. नाहीतर सगळी भिंत सोलावी लागली असती. रोज सहा वेळा बघतो मी हे चित्र. असं काम आजवर पाहिलं नाही.”

म्हणजे घर चित्रामुळे विकलं गेलं, हे अगदी खरं निघालं. साहेबांना त्याचा आनंद मानावा की काय करावं ते कळेना. त्यांनी सहीवरचा पेला उचलून बाजूला ठेवला. मग गवंड्याने डोकं खाजवत आणखी एक गोष्ट विचारली, आणि साहेबांनी, चारी बाजूंनी विचार करून, हो म्हटलं.

घरी आले तेव्हा काकू अंगणातच होत्या. चित्र भिंतीवर लावलंय का, असं त्यांनी उत्सुकतेने विचारलं.

“भिंतीला टेकवलंय,” साहेब म्हणाले. खोटं त्यांना बोलता येत नव्हतंच.

“बघतं का कुणी?”

“एक जाणकार आहे. रोज सहा वेळा बघतो.” साहेबांनी घसा साफ केला. “त्याने मला दुसरं चित्र सांगितलंय. त्याच्या ओळखीच्यांच्या घरी. उद्या नऊ वाजता जायचंय.”

काकूंना खरोखर आनंद झाला. नवऱ्याला कुणीतरी बोलावून घेतलं होतं, आणि तेही चित्रासाठी. कशाचं चित्र, असं त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, विषय त्यांनीच ठरवून दिलाय, आपल्याला तेवढी कटकट नाही.

“पण काय विषय?”

साहेब बुटाची नाडी सोडायला वाकले.

“मोरी,” ते बुटाला म्हणाले.

काकूंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. “मग जुने कपडे घालून जा,” त्या म्हणाल्या, आणि ही बातमी शेजारणीला सांगायला फाटक उघडून बाहेर पडल्या.